दक्षता आयुक्ताची नेमणूक : शिफारस आणि तिची कारणे

निवड करणारी समिती अधिकाराने श्रेष्ठ असली म्हणजे नेमणूक न्याय्य ठरते काय, हा प्रश्न भारतात केंद्रीय दक्षता आयोगाच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे पुढे आला.

के. संथानम यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली हा आयोग शासकीय ठरावाने स्थापन झाला. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये, विनीत नारायण खटल्यात, आयोगास वैधानिक दर्जा द्यावा व आयुक्ताची निवड पंतप्रधान, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेता यांच्या समितीने करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २००३ च्या अधिनियमाने ही व्यवस्था कायम केली.

या व्यवस्थेची कसोटी २०१० साली लागली. समितीने बहुमताने पी. जे. थॉमस यांची शिफारस केली. विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी भिन्नमत नोंदविले. केरळातील पामोलिन आयातीच्या प्रकरणी थॉमस यांच्यावर खटला प्रलंबित होता. त्यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई सुचविणारी २००० ते २००४ या काळातील खात्याची टिपणे मात्र समितीपुढे आलीच नव्हती. ३ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ही शिफारस, आणि अर्थातच नेमणूक, रद्द ठरविली. थॉमस दोषी आहेत की नाहीत, हा प्रश्न न्यायालयाने हाती घेतला नाही. व्यक्तीच्या सचोटीबरोबर संस्थेची सचोटीही समितीने विचारात घ्यावयास हवी होती, एवढेच त्याचे म्हणणे होते.

या निकालाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा होय. समितीत एकमत आवश्यक नाही व एकट्या सदस्यास नकाराधिकारही नाही. तथापि भिन्नमत देणाऱ्याने आपली कारणे लिहावीत आणि ते अमान्य करणाऱ्या बहुमतानेही आपली कारणे लिहावीत, असा दंडक न्यायालयाने घातला.

'शिफारस' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि व्यवहारात तो 'वशिला' या शब्दाच्या निकट जाऊन बसला. दोहोंतील अंतर कारणांचे आहे. वशिल्यास कारण सांगावे लागत नाही. शिफारशीस ते सांगावेच लागते. अर्थात कारणे दप्तरातच राहिली तर लोकांना त्यांचा उपयोग थोडाच. माहिती आयुक्तांच्या नेमणुकांसंबंधी २०१९ च्या निकालात न्यायालयाने उमेदवारांच्या छाननीचे निकष जाहीर करण्यास सांगितले, ते या दृष्टीने पुढचे पाऊल होय.