दवाखाना दूर, हात जवळ

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सरकारी आकड्यानुसारही जवळपास आठ हजार माणसे दगावली. पुढे लष्कर आले, देशभरातून डॉक्टर आले. पण पहिल्या तासांत ढिगारे उपसणारे हात शेजाऱ्यांचेच होते. मी तेव्हा विशीत होतो. नांदेडलाही हादरा जाणवला होता. किल्लारीवर आपण पुष्कळ लिहिले, बोललो. त्या पहिल्या हातांना काय येत होते आणि काय येत नव्हते, याचा विचार मात्र फारसा झाला नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भिंतीखाली चिरडलेल्या माणसाचे थांबलेले हृदय छाती दाबून पुन्हा चालू होईल, असे क्वचितच घडते. सीपीआर येत असता तर किल्लारीत हजारो वाचले असते, असे म्हणणे खोटी आशा ठरेल. पण हृदयविकाराचा झटका, विजेचा धक्का, नदीत बुडणे या प्रसंगांत गोष्ट वेगळी असते. हृदय थांबले की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आणि किनवटच्या डोंगराळ भागातून नांदेड गाठायला तासांचा हिशेब करावा लागतो. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली, मोठीच सोय झाली. पण तीही चार मिनिटांत वाडीवर पोहोचणार नाही.

बुडालेल्याला वाचवण्याची धडपड जुनी आहे. ॲम्स्टरडॅममध्ये १७६७ साली तेवढ्याचसाठी एक संस्था निघाली. आमच्या गोदाकाठीही उपाय होते: पालथ्या घागरीवर घालून पोट दाबायचे, पाय धरून गरगर फिरवायचे. करणाऱ्यांची माया खरी होती, उपाय मात्र घातक. पोट दाबल्याने आतले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि मोलाची मिनिटे जातात ती वेगळीच.

आजची पद्धत गवसली ती अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये. गंमत अशी, की तिथल्या तिघांतले वडीलधारे कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंता होते. तारांवर काम करणारे वायरमन धक्का लागून मरत, हा वीज कंपन्यांचा घोर होता. त्यातून हृदयाला विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणण्याचे प्रयोग सुरू झाले. १९५८ साली निकरबॉकर या तरुण सहकाऱ्याच्या लक्षात आले, की प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर यंत्राच्या जड पट्ट्या नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब वाढतो. छाती न फाडताही रक्त फिरवता येते! जुलै १९६० मध्ये त्यांनी शल्यविशारद ज्यूड यांच्यासह २० रुग्णांचा अहवाल छापला. त्यांतले १४ वाचले होते. त्याच सुमारास पीटर साफर यांनी तोंडाने दिलेला श्वास पुरतो, हे सिद्ध केले. आपण सोडलेल्या हवेतही सोळा-सतरा टक्के प्राणवायू उरलेला असतो.

म्हणजे दोन हात आणि एक श्वास, एवढेच साहित्य. तरीही १९६६ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ही विद्या डॉक्टर-परिचारिकांपुरती ठेवली. सामान्यांना शिकवा, अशी शिफारस व्हायला १९७४ उजाडले. आपल्या देशाची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली आली. त्यांत सामान्य माणसाला फक्त छाती दाबायला सांगितले आहे. मला हा शहाणपणा वाटतो. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायचे, या विचारानेच पुष्कळ हात मागे सरत.

शिकताना समोर बाहुली असते. मी ती पहिल्यांदा पाहिली नांदेडच्या एका महाविद्यालयात. सीन नदीत बुडालेल्या एका अनाम मुलीचा म्हणून जो मुखवटा प्रसिद्ध होता, त्यावरून नॉर्वेतले खेळणी बनवणारे लार्दाल यांनी १९६० साली तिचा चेहरा घडवला. त्यांचा स्वतःचा लहान मुलगा पाण्यातून वाचला होता. सीपीआरला मराठीत शासकीय नाव आहे, पण ते उच्चारतानाच धाप लागते. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. मराठीत आल्यावर ‘दम देणे’ म्हणजे धमकावणे झाले. त्या बाहुलीला श्वास देताना तो शब्द मला पुन्हा मूळ अर्थाने भेटला.

रीत सोपी आहे. माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे पाहायचे. अधूनमधून आचके येत असतील तर तो श्वास नव्हे. इथेच पुष्कळजण फसतात. कोणाला तरी १०८ लावायला सांगायचे. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बरगडी मोडली तरी थांबायचे नाही. बुडालेल्याला मात्र श्वासही हवेत, ते ज्याने शिकले त्याने द्यावेत: ३० दाबांमागे २. शेतातल्या मोटारीचा धक्का लागला असेल तर आधी वीज तोडायची, नाहीतर एकाचे दोन होतात.

पोलिसांच्या लफड्याची भीती हेही हात आखडण्याचे एक कारण. रस्त्यावरच्या अपघातापुरती तरी ती आता कायद्याने दूर केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आले.

बाहुलीवर दोन मिनिटे दाबले, तर दंड भरून येतात, घाम फुटतो. थकलेल्या हाताचा दाब उथळ पडतो. म्हणून दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यायची असते. घरात एकट्याला येऊन भागत नाही.