फेजच्या तटाआतला दुसरा तट

१९१७ साली अमेरिकन लेखिका एडिथ व्हॉर्टन मोरोक्को पाहायला गेली. फ्रेंच रेसिडेंट-जनरल ल्योते यांची ती पाहुणी, तेव्हा फिरायला लष्करी मोटार! फेजचे तट, बाजार, मदरसे यांचे तिने भरभरून वर्णन केले. जवळच्या सेफ्रू गावातल्या ज्यू वस्तीची दाटी आणि घाणही टिपली. ही वस्ती वेगळी का, हा आमचा प्रश्न.

१४३८ मध्ये फेजच्या ज्यूंना जुन्या शहरातून उठवून राजवाड्यालगत वेगळ्या तटाआड वसवले गेले. हीच 'मल्लाह'. ते संरक्षणासाठी होते, असे सांगितले जाते. असेलही. पण मग उठवायचे कोणाला, हल्लेखोराला की ज्याच्यावर हल्ला होतो त्याला? आणि एप्रिल १९१२ मध्ये मल्लाह लुटली गेली, तेव्हा तो तट काही कामाला आला नाही. बाबासाहेबांनी अस्पृश्यांना भारतातल्या 'घेट्टो'ची लेकरे म्हटले, ते उगाच नव्हे.

आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहेत बिल्दियीन. म्हणजे इस्लाम स्वीकारून जुन्या शहरातच राहिलेली ज्यू घराणी. धर्म बदलला, पण पिढ्या गेल्या तरी त्यांचे मूळ काढले जातच राहिले. मोक्याच्या कैसरिया बाजारात त्यांना व्यापार करू देऊ नये म्हणून स्वतःला प्रेषिताचे वंशज म्हणवणाऱ्या शरीफ घराण्यांनी तंटे उभे केले. आडनाव ऐकताच ज्यांना आजही भाड्याची खोली नाकारली जाते, त्या आपल्या पोरांना हा बाजार ओळखीचा वाटेल.