उच्चप्रवाही नासिका ऑक्सिजन उपचार

सूक्ष्म श्वासनलिकांच्या दाहाने (ब्रॉन्किओलायटिस) बेजार झालेल्या तान्ह्या बाळांना श्वास घेणे सोपे करणारी आधारपद्धती. हा विषाणुजन्य आजार २ वर्षांखालील बालकांना होतो. मुख्य कारण आरएसव्ही विषाणू. नलिका सुजून कफाने चोंदतात, बाळाला धाप लागते.

यंत्र हवा व ऑक्सिजन यांचे मिश्रण शरीराच्या तापमानाइतके ऊबदार व दमट करून मऊ नळीने नाकात सोडते. प्रवाह साधारणतः प्रतिकिलो वजनास मिनिटाला २ लिटर. ५ किलोच्या बाळास १० लिटर. त्यामुळे श्वासाचे श्रम घटतात. विषाणू मात्र मरत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील १,४७२ बालकांच्या चाचणीत (२०१८) साधा ऑक्सिजन २३ टक्के बाळांना अपुरा पडला, ही पद्धत १२ टक्क्यांना.

हा उपचार रुग्णालयात होतो, म्हणून जालना जिल्ह्यासाठी अंतराचा प्रश्न महत्त्वाचा आहे : मराठवाड्याचे मोठे संदर्भ रुग्णालय ‘घाटी’ छत्रपती संभाजीनगरला, जालना शहरापासून सुमारे ६० किमी. जालन्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले.

बाळाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर पडले असतील किंवा त्याने दूध सोडले असेल, तर त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.