‘छावा’ बोलपट, प्रेक्षकांचा वाद व अस्सल साधनें

दिनांक १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं ‘छावा’ हा हिंदी बोलपट प्रदर्शित झाला. कै. शिवाजी सावंत यांची त्याच नांवाची १९७९ सालची कादंबरी हा त्याचा आधार. तो पाहून प्रेक्षकांत दोन पक्ष पडले. शंभुछत्रपतींचा उपेक्षित पराक्रम अखेर लोकांपुढें आला, असें एक पक्ष म्हणतो. सतराव्या शतकांतील युद्धाच्या निमित्तानें आजच्या मुसलमान समाजाविषयीं द्वेष चेतविला जातो, असें दुसरा. औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठीं १७ मार्च रोजीं नागपुरांत निदर्शनें झालीं व सायंकाळीं महाल भागांत दंगल उसळली. दुसऱ्या दिवशीं मुख्यमंत्र्यांनींच विधानसभेंत या बोलपटानें लोकभावना प्रज्वलित झाल्याचें सांगितलें. प्रस्तुत लेखक रामदासपेठेंतला. भोंसल्यांचा महाल तेथून सुमारें कोसभर. तेव्हां हा वाद आम्हांस केवळ करमणुकीचा वाटत नाहीं.

एक पक्ष बोलपटास पुरावा मानतो, दुसरा प्रचार म्हणून टाकून देतो. अस्सल कागद मात्र क्वचितच पुढें येतो. याचें उदाहरण शिर्के-प्रकरण. फेब्रुवारी १६८९ मध्यें महाराज संगमेश्वरीं पकडले गेले, तें गणोजी व कान्होजी यांच्या फितुरीनें, असें बोलपटांत दाखविलें आहे. त्यास शिर्के घराण्याच्या वंशजांनीं हरकत घेतली. दिग्दर्शक श्री. लक्ष्मण उतेकर यांनीं, आपण आडनांव वा गांव सांगितलेलें नाहीं, असा खुलासा करून दिलगिरी दर्शविली. परंतु गणोजी हा येसूबाईंचा बंधु. आडनांव गाळल्यानें बोध व्हावयाचा थोडाच राहतो!

आतां साधनें पाहूं. कारीकर जेध्यांच्या शकावलींत शके १६१० सालीं शिर्क्यांचें कवि कलशाशीं बिनसल्याची, महाराजांनीं शिर्क्यांवर चालून जाऊन त्यांस पळविल्याची व पुढें शेख निजामानें महाराजांस धरल्याची नोंद आहे. शेख निजाम म्हणजेच मुकर्रबखान. साकी मुस्तैदखानाच्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या फारसी ग्रंथांतहि शिर्क्यांशीं झालेला कलह येतो; पण महाराजांचा ठावठिकाणा आणला तो खानाच्या हेरांनीं. म्हणजे वैर सिद्ध आहे. वाटाडेपण या दोन साधनांवरून सिद्ध होत नाहीं. शिवाय, जिंजीच्या वेढ्यांत मोगलांकडे असलेला हाच गणोजी राजाराम महाराजांच्या सुटकेस साह्य झाला, असें बखर सांगते. अशा मनुष्यास एका रंगांत रंगविणें कादंबरीस शोभेल, इतिहासास नव्हे.

पडद्याचा परिणाम भूमीवरहि झाला. मराठ्यांनीं १६८१ मध्यें बऱ्हाणपूर लुटलें, तो प्रसंग पाहून मार्च २०२५ मध्यें असीरगडाच्या आसपास लोकांनीं मोहरांच्या आशेनें रात्रीं विजेऱ्या घेऊन शेतें खणलीं. नाणें सांपडलें तरी त्याचें स्थान व थर नष्ट झाला, कीं त्याची साक्ष निम्मी बुडाली, हें संग्राहकांस सांगणें नलगे.

सारांश, बोलपट बंद पाडून वा डोक्यावर घेऊन हा वाद मिटणार नाहीं. ज्यांच्या दप्तरांत शिर्के, संगमेश्वर वा दाभोळ प्रांतांतील वतनें यांसंबंधीं कागद असतील, त्यांनीं ते नकलून प्रसिद्ध करावे. एका घराण्याची अब्रू व एका शहराची शांतता आज त्यावर अवलंबून आहे.