विश्वस्तानं कोणावर विश्वास ठेवावा?

संस्थांच्या इतिहासाबद्दल बोलताना आज आपण हिशेबाकडे वळतोय. विषय जरा रुक्ष आहे, पण सार्वजनिक संस्थेच्या कार्यकारिणीवर बसलेल्या प्रत्येकानं ऐकावा असा आहे.

सुरुवात लंडनपासून करू. 1707 साली तिथं 'चॅरिटेबल कॉर्पोरेशन' ही संस्था सनद घेऊन उभी राहिली. गरीब कष्टकऱ्यांच्या वस्तू गहाण ठेवून घ्यायच्या आणि त्यांना रास्त व्याजानं लहान कर्जं द्यायची, हा तिचा हेतू. नाव धर्मादाय, पण तिला भागधारकही होते. कारभार पाहायला समिती होती, आणि तीत सर रॉबर्ट सटन यांच्यासारखी, राजदूत आणि खासदार राहिलेली, बडी माणसं होती. अशी माणसं आहेत म्हटल्यावर लोक निर्धास्त झाले.

1731 मध्ये गहाणवखारीचा कारभारी जॉन थॉमसन परदेशी पळाला. मग कळलं की खोट्या नावांवर आणि गहाणवस्तू नसतानाच कर्जं दिली गेली होती. 1732 मध्ये पार्लमेंटनं चौकशी केली आणि सटनना सभागृहातून काढून टाकलं.

कोर्टाचा निकाल यायला 1742 उजाडलं. समितीतल्या अनेकांनी चोरी केलेलीच नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही विनावेतन काम करत होतो, मग भरपाई आम्ही का द्यायची? न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी ते मानलं नाही. पद स्वीकारलं की निष्ठेनं आणि वाजवी दक्षतेनं काम करण्याची जबाबदारी येते. मोबदला घेतला नाही, बैठकीला आलोच नाही, ही सबब चालत नाही. लबाडी करणारे आधी जबाबदार. पण डोळेझाक करणारेही सुटत नाहीत.

इंग्रजी न्यायालयांत घडलेला हा विचार वसाहतकाळात आपल्याकडे आला. 1882 च्या भारतीय न्यास कायद्यात तो दिसतो, पण तो कायदा खाजगी न्यासांचा. सार्वजनिक न्यासांसाठी 1950 चा मुंबईचा कायदा आला; आज त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. त्यात हिशेब ठेवणं आणि ते तपासून घेणं बंधनकारक आहे. पुढे त्यात 36अ हे कलम आलं. त्याचा आशय असा: सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या पैशाची जेवढी काळजी घेतो, तेवढी विश्वस्तानं संस्थेच्या पैशाची घ्यावी. यासाठी काही सी.ए. असावं लागत नाही, बरं का!

आता आमचंच सांगतो. आम्ही एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीत होतो. वार्षिक हिशेब चहाबरोबर फिरायचे. खजिनदार सज्जन, त्यांना प्रश्न विचारणं म्हणजे संशय घेणं, असं आम्हाला वाटे. एकदा सहज शेवटचं पान उलटलं. लेखापरीक्षकांचा शेरा होता: शिष्यवृत्तीच्या निधीतून पगार भागवले आहेत. आदल्या वर्षीचा अहवाल काढला, तर तिथंही तोच शेरा, आणि खाली आमचीच सही. कुणी पैसा खाल्ला नव्हता. पण ज्या मुलांसाठी देणगीदारांनी तो दिला, त्यांच्यापर्यंत तो पोचला नव्हता. तत्त्वज्ञानात आयुष्य गेलं, पण त्या दिवशी उत्तर सुचलं नाही.

तेव्हा कळलं, विश्वस्त म्हणजे विश्वास ठेवणारा नव्हे. ज्याच्यावर लोकांनी विश्वास ठेवलाय तो. खजिनदारावर भरवसा जरूर ठेवा, पण बँकेचं पासबुक रोजकीर्दीशी ताडून पाहा. अमुक कामासाठी आलेली देणगी त्याच कामाला गेली का, ते विचारा. लेखापरीक्षकांचा शेरा बैठकीत मोठ्यानं वाचा. उत्तर समजलं नाही तर सही थांबवा. सज्जन खजिनदाराला याचा राग येत नाही; उलट त्याच्या डोक्यावरचा भार हलका होतो.

आज इथंच थांबू.