इस्फहानचे कबुतरखाने

'कबुतरखाना' म्हटले की मराठी वाचकाला दादर आठवते: दाण्यांची मूठ, पंखांची फडफड आणि २०२५ मध्ये तो बंद केल्यावर उसळलेला वाद. शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मात्र इराणात इस्फहानच्या परिसरातील ज्या वास्तूंना तो लावतात, तेथील व्यवहार नेमका उलट होता. तेथे पाखरांना दाणा घालीत नसत, केवळ निवारा देत.

सतराव्या शतकात, सफवी राजवटीत, ज्यां शार्दां या फ्रेंच प्रवाशाने इस्फहानभोवती असे ३,००० हून अधिक बुरूज असल्याचे नोंदविले आहे. मोजणी ढोबळ असेल. पण बुरूज डोळ्यांत भरण्याइतके होते, हे निश्चित. बांधकाम कच्च्या विटांचे, वर मातीचा गिलावा. आत भिंतभर हजारो कोनाडे, माथ्यावर पाखरांपुरती भोके. साप चढू नये म्हणून बाहेरून गुळगुळीत गिलाव्याचा पट्टा. रानभर चरून आलेली कबुतरे रात्री येथे विसावत. त्यांची विष्ठा तळाशी साचे. दार सहसा वर्षातून एकदाच उघडून ते खत काढीत आणि खरबुजांच्या मळ्यांत घालीत. (खरबूज हा शब्दही फारसीच.) विखुरलेले नत्र एका जागी गोळा करणारे हे यंत्र होते, आणि त्याचे इंधन आकाशातून येई. अर्थात पाखरे कोणाच्या तरी शेतातले दाणे टिपत असणारच. बुरूज एकाचा, पीक दुसऱ्याचे. हा हिशेब स्तुतिपर लेखनात सहसा येत नाही.

आज शाश्वत वास्तुरचनेचे अभ्यासक या बुरुजांच्या मातीच्या भिंतींचे, थंडाव्याचे, नक्षीचे कौतुक करतात. ते खोटे नाही, अपुरे आहे. कच्ची वीट पावसाने झिजते, तिला वरचेवर लिंपावे लागते. आणि लिंपण्याचा खर्च खतातून निघे. विसाव्या शतकात रासायनिक खत आले आणि हा खर्च निघेनासा झाला. एलिझाबेथ बीझली यांनी १९६६ मध्ये या बुरुजांवर अभ्यासलेख लिहिला, तोवर पडझड सुरू झालेली होती. भिंत मातीची होती म्हणून बुरूज टिकला नव्हता; खरबुजाला त्याची गरज होती म्हणून माणसे तो पुन्हा पुन्हा लिंपत होती. नकाशा उतरवून घेता येतो, ही गरज कशी उतरवणार?

काही बुरुजांची पुढे डागडुजी झाली. त्यांतले कोनाडे शाबूत आहेत; पाखरे बहुतेक ठिकाणी नाहीत.