न ऐकलेली ओवी : व्हायोला दा गाम्बाच्या निमित्ताने

एम.ए.च्या वर्गात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो आहोत : राचोल येथे १६१६ साली मुद्रण, लिपी रोमन, छंद ओवी, ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, “सर, हे चर्चमध्ये म्हणत होते ना? मग सोबत काय वाजत होते?” मुलगा झाडीपट्टीतला, घरात दंडारीचा नाद. आमच्या आरमोरीला नाटकाच्या हंगामात वाद्यवृंदाचा सूर कानावर पडल्याशिवाय संहितेला कोणी हात लावत नाही. त्यामुळे प्रश्न त्याला अगदी साहजिक वाटला. मला मात्र तो कधी पडलाच नव्हता, याची लाज वाटली.

उत्तर शोधता शोधता मी ज्या वाद्यापाशी पोहोचलो त्याचे नाव व्हायोला दा गाम्बा. इटालियन भाषेत ‘गाम्बा’ म्हणजे पाय. दोन्ही पायांच्या मध्ये उभे धरून गजाने वाजवायचे हे वाद्य. तारा बहुधा सहा, फ्रान्समध्ये पुढे सात. मानेवर आतड्याच्या तातीचे पडदे बांधलेले. पडदेही आणि गजही, असा योग आपल्याकडे दिलरुब्यात आढळतो. ज्यांनी दिलरुबा ऐकला आहे त्यांना गाम्बाचा किंचित नाकातला, हळवा स्वर परका वाटणार नाही. जेझुइटांच्या सोळाव्या शतकातील पत्रांत गोव्याच्या चर्चमधील ऑर्गनबरोबर या कुळातील वाद्यांचेही उल्लेख येतात. १५६०च्या दशकात जपानमधील बुंगो येथे मिशनच्या मुलांना व्हायोल शिकवले जात होते, आणि पूर्वेकडील या साऱ्या मिशनांचे मुख्य ठाणे गोवे हेच होते. पुढे १६६३च्या सुमारास जुझेप्पे दी सांता मारिया हा इटालियन कार्मेलाइट गोव्यात आला. रोमच्या कारिस्सिमीची रचना सात गायकवृंदांनी गायलेली ऐकून आपण रोममध्येच आहोत की काय, असे त्याला वाटले. कारिस्सिमी त्या वेळी हयात होता! म्हणजे युरोपात ज्या संगीताला आज ‘बरोक’ म्हणतात, ते त्याच्या ऐन बहरात मांडवीच्या काठी पोहोचले होते.

ओवीला व्हायोलची साथ असे, असे मी सुचवत नाही. मुद्दा वेगळा आहे. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या स्टीफन्सनी मराठी ओवी लिहिली ती या नादाच्या शेजारी बसून. आपल्या वाङ्मयेतिहासाने भाषा तपासली, व्याकरण तपासले, धर्मांतराचे राजकारणही तपासले. ते आवश्यकच होते. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नातील वाद्ये आणि गाणी यांवर बंदी घातली, हे अ. का. प्रियोळकरांच्या अभ्यासामुळे आपल्याला ठाऊक आहे. एका हाताने नवे वाद्य शिकवायचे आणि दुसऱ्या हाताने जुने काढून घ्यायचे, असा तो व्यवहार. मात्र त्या काळात काय ऐकू येत होते, हा प्रश्न आपण संगीताच्या प्राध्यापकांकडे ढकलून मोकळे झालो.

खुद्द युरोपातही गाम्बाचे फारसे बरे झाले नाही. मारँ मारे याने १६८६ ते १७२५ या काळात या वाद्यासाठी पाच ग्रंथ प्रसिद्ध केले. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन करणारी त्याची एक रचना आहे. तिच्यात सुरावटीबरोबर शस्त्रक्रियेचे टप्पेही शब्दांत छापले आहेत. (‘वास्तववाद’ शिकवताना हे उदाहरण कामी येईल.) मग व्हायोलिन आणि चेलो आले. त्यांचा आवाज मोठा, आणि मैफली दिवाणखान्यातून सभागृहात गेल्या होत्या. १७४० मध्ये युबेर ल ब्लाँ नावाच्या गाम्बाप्रेमी लेखकाने व्हायोलिनचे आक्रमण आणि चेलोचा आगाऊपणा यांच्याविरुद्ध एक आख्खी पुस्तिका लिहिली. खटला हरल्यानंतर लिहिलेल्या कैफियतीसारखी ती आहे. १७८७ साली लंडनमध्ये कार्ल फ्रीड्रिख आबेल वारला आणि या वाद्याचा शेवटचा मोठा वादक गेला.

आता खरी गोष्ट. गेओर्ग फिलिप टेलेमान याने १७३५ मध्ये हाम्बुर्ग येथे एकट्या गाम्बासाठी बारा ‘फँटसी’ छापल्या होत्या. त्या हरवल्या असेच सारे अभ्यासक मानत. २०१५ मध्ये जर्मन वादक थोमास फ्रिच याला त्यांची मुद्रित प्रत ओस्नाब्र्युकच्या शासकीय अभिलेखागारात सापडली. ती होती लेडेनबुर्ग या गढीच्या संग्रहात. आणि तो संग्रह कोणाचा? एलिओनोरे फॉन ग्रोटहाउस (१७३४–१७९४) या कवयित्रीचा. आबेलच्या अज्ञात सोनाटाही त्याच गठ्ठ्यात होत्या. २०१६ मध्ये बारा फँटसी पुन्हा छापल्या गेल्या. बारा रचना सुमारे पावणेतीनशे वर्षांनी परत आल्या, त्या एका लेखिकेच्या घरच्या कागदांतून.

‘ख्रिस्तपुराणा’ची कथा याच्या बरोबर उलटी आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही मुद्रित प्रत उरली नाही. ग्रंथ तगला तो भाविकांनी हाताने उतरवलेल्या पोथ्यांमुळे. त्यांच्या आधारे सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरीतील पोथी तर लंडनच्या मार्स्डेन संग्रहात मिळाली. शब्द असे परतले. सूर उतरवून ठेवणारे मात्र कोणी नव्हते.

हे लिहिताना मला परधानांच्या किंगरीची आठवण येत राहते. गोंडांच्या देवकुळांच्या कथा गाणारे परधान हे गजाचे वाद्य वाजवत आले आहेत. नर्मदाखोऱ्यातील परधानांच्या ‘बाना’बद्दल शामराव हिवाळे यांनी १९४६ सालीच इंग्रजीत लिहून ठेवले आहे. आमच्या विभागाच्या कपाटात लोककथांची संकलने भरपूर आहेत, त्यांतील बहुतेक नुसत्या शब्दांची. गाणाऱ्याचे नाव असते, गावाचे असते; वाद्य कोणते, ते कसे लावले होते, याला एक ओळही नसते. माझे स्वतःचे संकलनही याला अपवाद नाही.

यंदा ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तासाला मी टेलेमानची एक फँटसी मोबाइलवर लावली. वाद्याचा आवाज इतका बारीक की वर्गातला पंखा बंद करावा लागला. मार्चमध्ये आरमोरीत पंखा बंद करा म्हटल्यावर कुरकूर झालीच. तोच मुलगा उठला, त्याने बटण दाबले आणि पुढच्या बाकावर येऊन बसला.